झाकण उघडू नये

“तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर गं!” हे वाक्य कानावर न पडता लहानाचं मोठं झालेलं मराठी माणूस मला अजून भेटायचं आहे. अंकओळख शाळेने करून दिली असेल, पण मोजण्यातली जबाबदारी आम्हाला शिकवली ती कुकरने. त्यात पुन्हा शास्त्रार्थ असे. फुसफुसून मध्येच विझलेली शिट्टी धरायची की नाही, यावर आमच्या घरात दोन पक्ष होते. आई धरत नसे. बाबा धरत, कारण त्यांना जेवायची घाई असे.

अशा शिट्टीवर पोसलेल्या माणसाच्या हाती स्लो कुकर पडला की पहिली अडचण येते ती ही, की हा गडी बोलतच नाही. सकाळी आठला लावा, संध्याकाळपर्यंत ढिम्म. ना शिट्टी, ना धुसफुस, ना झाकणाची खडखड. काचेच्या झाकणाला आतून घाम आलेला असतो, म्हणून डोळे बारीक करून बघितलं तरी आतलं काही दिसत नाही. आत काही घडतंय की आपण प्लगच लावलेला नाही, ही शंका दिवसभर मनाला कुरतडत राहते.

मी न्यू जर्सीत राहते. इथे हे यंत्र कोणी मुद्दाम विकत घेतल्याचं मी फारसं ऐकलेलं नाही. ते येतं. लग्नात येतं, ऑफिसच्या नाताळातल्या सोडतीत येतं, गराज सेलमध्ये ‘पाच डॉलर, चालू आहे’ अशी चिठ्ठी डकवून येतं. आमचा कुकर कायमचं बंगळूरला निघालेल्या एका जोडप्याने जाता जाता आमच्या गळ्यात घातलेला. सोबत इडलीपात्र आणि एक मनीप्लांटही आला. मनीप्लांट मेला, इडलीपात्र कामाला आलं आणि स्लो कुकर वरच्या कपाटात जाऊन बसला.

अमेरिकन लोकांची त्याच्याकडून अपेक्षा फार साधी असते. मांसाचा एक गोळा ठेवायचा, वर मश्रूम सूपचा डबा उपडा करायचा, कांद्याच्या सुपाचं पाकीट फाडून भुरभुरायचं आणि कामाला निघून जायचं. संध्याकाळी घरी याल तो जेवण तयार. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने ही अख्खी पाककृती मला लिफ्टमध्ये सांगितली, चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत. आमची पुरणपोळी एवढ्या वेळात ‘डाळ निवडून घ्यावी’च्या पुढे गेली नसती. आईला मी हे सांगितलं, तेव्हा तिने एवढंच विचारलं, “आणि मीठ?”

“त्या सुपात असतं.”

“किती?”

“जेवढं त्यांनी घातलंय तेवढं.”

आईने यावर जो चेहरा केला, तो मी शब्दांत मांडू शकत नाही.

गेल्या मेमध्ये आईबाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले. बाबा वीज मंडळातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. उपकेंद्रं, फीडर, ट्रान्सफॉर्मर यांत हयात गेली. स्वयंपाकघराशी त्यांचा संबंध पाण्याच्या तांब्यापुरता, आणि तो तांब्याही बहुधा आईच नेऊन देत असे. चहा स्वतःचा स्वतः करून घेतल्याची नोंद नाही. असा हा माणूस, आल्याच्या आठवड्यातच जेट लॅगमुळे पहाटे तीनला उठून घरभर हिंडताना, वरच्या कपाटाशी येऊन थांबला. सकाळी मी खाली येऊन बघते तो टेबलावर स्लो कुकर, शेजारी चष्मा, पेन्सिल आणि माहितीपत्रक. पत्रकात ठिकठिकाणी खुणा. कुकर उलटा करून तळाची पट्टी वाचून झालेली.

“दोनशे चाळीस वॉट,” बाबा म्हणाले. “लोवर त्याहून कमी खेचत असणार. आठ तास चालला तरी दोन युनिटांच्या आत. आणि हे बघ, ऑफ, लो, हाय, वॉर्म. चार पोझिशनचा सिलेक्टर स्विच. यात स्वयंपाकाचं काय आहे? हे तर माझ्या खात्यातलं काम.”

त्या दिवसापासून आमच्या घरातलं एक खातं बाबांकडे गेलं.

मग त्यांनी लायब्ररी गाठली. आमच्या गावातली सार्वजनिक लायब्ररी म्हणजे भारतातून आलेल्या समस्त आजोबांचं हक्काचं ठिकाण: वातानुकूलित, फुकट, आणि बसायला कोणी हटकत नाही. रात्रीच्या जेवणाला बाबा रोज नवीन माहिती वाढू लागले. हे यंत्र शिकागोच्या आयर्व्हिंग नॅक्सन नावाच्या इंजिनिअरने काढलं. (“इंजिनिअरने,” बाबा दोनदा म्हणाले.) त्याची आई मूळची लिथुएनियाच्या विल्नियसकडची. ज्यू लोकांत शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शब्बाथ लागतो, मग विस्तव पेटवायचा नाही. म्हणून शुक्रवारी दुपारीच तिची आई घेवडा, बटाटे, मांस असं सगळं एका मडक्यात घालून गावातल्या बेकरीत नेऊन ठेवायची. भट्टीच्या उरलेल्या धगीवर ते रात्रभर शिजायचं आणि शनिवारी घरी यायचं. त्या पदार्थाचं नाव चोलेंट. ही गोष्ट ऐकून मुलाने बेकरीच विजेवर आणली. १९३६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९४० मध्ये ते मिळालं. त्यातून पुढे जे यंत्र आलं त्याचं नाव ‘नॅक्सन बीनरी’, म्हणजे ते मुळात कडधान्यं शिजवायचंच भांडं. पुढे १९७० मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने नॅक्सनचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात तोच कुकर ‘क्रॉक-पॉट’ म्हणून मांडला. बायका नोकरीला निघाल्या होत्या, स्वयंपाक मात्र त्यांच्याचकडे राहिला होता. कुकर धडाधड खपला.

आई पोळी वाढता वाढता ऐकत होती. म्हणाली, “म्हणजे आपल्या शीतला सप्तमीसारखंच की. आपणही त्या दिवशी चूल पेटवत नाही. फक्त आपण आदल्या दिवशीचं गार खातो. त्यांनी गरम राहायची सोय केली.” आणि मग जरा थांबून, “आमच्या सांगलीच्या घरी चुलीला वैल होता. रात्री निखाऱ्यांच्या धगीवर हरभरे ठेवले की सकाळी मऊ. त्याला ना वायर होती ना पत्रक.”

बाबांनी पत्रकाची घडी घातली आणि विषय बदलला. पण खुमखुमी दोघांनाही होती, म्हणून पुढचा अर्धा तास भारताने हा शोध आधी लावला होता की नाही यावर गेला. कोलकात्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिकांचा इकमिक कुकर १९१० चा. डब्यावर डबा, खाली कोळशाची शेगडी, लावून निघून जायचं. आणि आमच्या पुण्यातला, आनंद कर्व्यांच्या ‘आरती’ संस्थेचा सराई कुकर: शंभर ग्रॅम कांडीकोळशावर घरच्या चार-पाच माणसांचं वरण, भात, भाजी. तो कांडीकोळसाही उसाच्या पाचटाचा. बाबांच्या मते खरा अभियंता तो, जो शेतात जाळून टाकतात त्या पाचटावर वरणभात शिजवतो. आईच्या मते खरा प्रश्न हा, की डबे घासतं कोण.

आता झाकणाविषयी.

स्लो कुकरचं सगळं शास्त्र एका वाक्यात आहे: हात लावू नका. त्याच्या तापणाऱ्या तारा भांड्याच्या भोवती असतात, भांडं जाड चिनी मातीचं, ते सावकाश तापतं आणि धरून ठेवतं. झाकण उघडलं की कोंडलेली उष्णता भप्पकन बाहेर जाते आणि ती भरून यायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. हे बाबांनी सर्वांना एकत्र बसवून समजावून सांगितलं. लो आणि हाय यांतला फरकही सांगितला. दोन्ही शेवटी पोचतात त्याच तापमानाला, उकळीच्या जरा अलीकडे. लोवर सात-आठ तास लागतात, हायवर तीन-चार. “एक लाल डबा, एक शिवनेरी. स्टँड तेच.”

सर्वांनी माना डोलावल्या आणि त्या दिवशी सर्वांनी झाकण उघडलं. आईने मीठ बघायला. नवऱ्याने वास घ्यायला. माझ्या लेकीने “इज इट डन?” हे विचारण्याऐवजी स्वतःच बघावं म्हणून. आणि खुद्द बाबांनी, बाकीच्यांनी उघडलं त्यामुळे काय नुकसान झालं याची पाहणी करायला. आठ तासांत व्हायचे छोले रात्री साडेनऊला झाले. दुसऱ्या दिवशी कुकरवर एक पाटी लागली. बाबांचं वळणदार अक्षर, लाल शाई, पुण्याहून निघालेला माणूस पुणं बरोबर घेऊन येतो याचा पुरावा:

‘झाकण उघडू नये. उघडल्यास जेवण अर्धा तास उशिरा होईल. ज्यांना उशीर चालतो त्यांनी पाहुणे म्हणून आलेल्यांचाही विचार करावा. — हुकुमावरून’

“पाहुणे कोण?” आईने विचारलं.

“आपण.”

“आणि हुकूम कोणाचा?”

याला उत्तर आलं नाही.

पण आईची अडचण खरी होती, आणि ती मला बाबांच्या वॉटांपेक्षा जास्त पटते. न बघता स्वयंपाक करायचा कसा? आपल्या पाककृतींत वेळ लिहिलेली नसते, रूप लिहिलेलं असतं. तेल सुटेपर्यंत परतावे. रंग बदलला की उतरवावे. खमंग वास आला की पुरे. बोटचेपी शिजवावी. डोळा, नाक, बोट आणि जीभ यांना कामाला लावल्याशिवाय ज्या स्वयंपाकाचं पान हलत नाही, त्यातून चौघांनाही आठ तासांची सुट्टी दिली तर उरतं काय? उरतं घड्याळ. आणि घड्याळ बाबांकडे.

मग आला ‘सोप्या’ पाककृतींचा महिना. सोपं म्हणजे काय हे कोणाला विचारता त्यावर आहे, म्हणून हरभऱ्याच्या उसळीचीच हकिगत सांगते. रात्री दोन वाट्या हरभरे निवडून भिजवले: आई. सकाळी कांदा उभा चिरला, सुकं खोबरं किसलं, दोन्ही तव्यावर वेगवेगळं, खोबरं करपू न देता, तांबूस भाजलं: आई. लसूण-आलं-खोबरं वाटलं: आई. मिक्सर धुतला: आई. तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता यांची फोडणी करून त्यात वाटण परतलं, दोन चमचे गोडा मसाला आणि तिखट घातलं: आई. हे सगळं हरभऱ्यांवर ओतून चार वाट्या पाणी घातलं. मग आईने हाक मारली, “अहो, या.” बाबा आले, चष्मा लावला, बटण लोवर फिरवलं, वहीत वेळ लिहिली. संध्याकाळी माझ्या काकांना पुण्याला फोन: “आज हरभऱ्याची उसळ केली मी. काही नसतं रे त्यात. बटण फिरवायचं.”

आतून आईचा आवाज आला, “हो ना. कोयना धरणही फीत कापणाऱ्यानेच बांधलं.”

फोडणीचं प्रकरण तर या यंत्राच्या बुद्धीपलीकडचं आहे. मोहरी तडतडायला तेल चांगलं कडकडीत तापावं लागतं आणि हा कुकर पाण्याच्या उकळीपर्यंत जातानाही दहा वेळा विचार करतो. बाबांनी एकदा अभियांत्रिकी बाण्याने प्रयोग केला: थंड तेल, मोहरी, हिंग, सगळं एकदम कुकरमध्ये, हायवर. तासाभराने मोहरी जशीच्या तशी, कोमट तेलात पोहत होती. तेव्हापासून फोडणी कढल्यात, गॅसवर, हे ठरलं. पण अमेरिकन घरात कढल्यातली फोडणी म्हणजे छताला लावलेल्या धुराच्या भोंग्याला आमंत्रण. मिरची तेलात पडते न पडते तोच घर किंचाळायला लागतं. मग एकाने खिडकी उघडायची, एकाने पंखा लावायचा आणि तिसऱ्याने टॉवेल घेऊन भोंग्याखाली वारा घालायचा. हे टॉवेलचं काम बाबांनी आपणहून स्वीकारलं. विजेवर चालणारं उपकरण असल्याने तेही त्यांच्याच खात्यात बसत होतं. शेजारची मेरीलँडहून आलेली आजी आता त्या आवाजावरून ओळखते की आमच्याकडे जेवायला आमटी आहे. शिट्टी नसल्याची उणीव अशी भरून निघाली.

राजम्यावर मात्र बाबांनी थेट बंदी आणली आणि तिथे त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. लाल राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, ते नष्ट व्हायला दाणे भिजवून, पाणी बदलून, निदान दहा मिनिटं खळखळा उकळावे लागतात. स्लो कुकरला तेवढी धग नसते, आणि अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही वाईट; खाणाऱ्याला उलट्या ठरलेल्या. “म्हणून राजमा आधी प्रेशर कुकरला लावावा,” बाबांनी निकाल दिला, “आणि मग यात घालावा.”

“प्रेशर कुकरला लावला की तो शिजला,” आई म्हणाली. “मग यात कशाला घालू? हवापालट म्हणून?”

बाकीची नोंद बाबांच्या वहीत आहे. तिची शीर्षकं ‘पदार्थ – वेळ – निष्पत्ती – शेरा’ अशी. भात: लापशी, शेरा: ‘पुन्हा करू नये.’ भेंडी: शेरा नाही, नुसती काट. भरली वांगी: देठ सापडले. वालाचं बिरडं: सोलायला आईला दुपार लागली, विरघळायला त्याला रात्र पुरली, यावर शेरा आईच्या अक्षरात आहे आणि तो मी इथे देत नाही. चिंच घालून लावलेलं तुरीचं वरण: नऊ तासांनीही टणक. आंबट पडलं की डाळ शिजायचं नाव घेत नाही, म्हणून चिंच-आमसूल-टोमॅटो सगळ्यात शेवटी, हे आपल्या कुठल्याही आजीला माहीत असतं. बाबांनी ते शोध लावल्याच्या थाटात लिहून चौकट केली. पाणी नेहमीपेक्षा कमी घाला, कारण यातून थेंबभरही आटत नाही. दही-दूध-नारळाचं दूध अखेरच्या अर्ध्या तासात, नाहीतर फाटतं. भांडं अर्ध्याच्या वर आणि पाऊणच्या खाली भरलेलं असावं. हे तीन नियम मात्र मी आमच्या फ्रिजवर लावले आहेत. माझ्या गोव्याच्या मैत्रिणीने यात खतखतं केलं. सुरण, रताळं, मक्याचं कणीस, शेंगा, त्रिफळं, वर नारळाचं वाटण. तिच्या सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर बघून “दिसतं तरी बरं” असं म्हटलं. गोव्याच्या सासूकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही.

आणि गव्हाची खीर. हिच्यासाठी मी या यंत्राचे बाकी सगळे अपराध पोटात घालायला तयार आहे. सांगली-कोल्हापूरकडे ही खीर म्हणजे कोणीतरी पहाटेपासून चुलीपुढे पळी घेऊन बसायचं काम. खपली गहू, सडलेले, एक वाटी, रात्रभर भिजलेले. दुसऱ्या रात्री पाच वाट्या पाणी आणि मूठभर तांदळाची कणी घालून लोवर लावायचे आणि झोपायला जायचं. सकाळी गव्हाचा दाणा फुलून आलेला असतो, पण मोडलेला नसतो. पळीने ढवळलं की दाटसर ओघळतो आणि तळाला काही लागलेलं नसतं. मग गूळ. आधी नाही, आधी गूळ पडला तर गहू रुसून बसतो. वरून नारळाचं दूध, वेलची, जायफळ, चिमूटभर मीठ. पहिल्यांदा ही खीर गणपतीच्या नैवेद्याला केली. त्या रात्री घरात कोणीही झाकण उघडलं नाही. नैवेद्य दाखवायच्या आधी चाखायचा नाही, वास घ्यायचा नाही, हे आईने एकदाच, हळू आवाजात सांगितलं. बाबा त्या लाल शाईच्या पाटीकडे बराच वेळ बघत उभे होते.

गणपतीचाच विषय निघाला म्हणून मंडळाचं सांगते. इथला सार्वजनिक गणपती शाळेच्या भाड्याने घेतलेल्या कॅफेटेरियात बसतो आणि जेवण प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा अशा पद्धतीचं असतं. काय आणायचं याची यादी महिनाभर आधी फिरते. यादीत मसालेभात, अळूची भाजी, मटार-उसळ, काकडीची कोशिंबीर असं सगळं असतं. प्रत्यक्षात येतात ते छोले. कारण छोले स्लो कुकरमध्ये होतात, स्लो कुकरमध्येच गाडीतून नेता येतात आणि नेऊन तिथे प्लगला लावता येतात. भिंतीलगतच्या लांब टेबलावर नऊ कुकर ओळीने मांडलेले, प्रत्येकावर चिकटपट्टी: ‘छोले – मध्यम’, ‘छोले – तिखट’, ‘छोले – मुलांसाठी’, ‘छोले, कांदा-लसूण नाही’, एक गूढ ‘छोले?’, आणि कोणीतरी हट्टाने आणलेली अळूची भाजी. नऊच्या नऊ एकाच एक्स्टेन्शन बोर्डाच्या वंशावळीत, आणि त्याच भिंतीवर चहाचा मोठा विजेचा हंडा. आरती ऐन रंगात आली असताना कोणीतरी हंड्याचं बटण दाबलं आणि अर्धा कॅफेटेरिया अंधारात गेला. माइकही गेला. आरती माइकवाचून जास्त सुरात झाली, पण ते असो.

गर्दीतून बाबा पुढे झाले. निवृत्तीनंतर इतका ताठ कणा मी पाहिला नव्हता.

“हंडा किती वॉट? पंधराशे. कुकर नऊ, सरासरी अडीचशे धरा, साडेबावीसशे. एकूण पावणेचार हजार. आणि ही लाइन आहे वीस अँपिअरची, म्हणजे चोवीसशे. कसं चालेल?” त्यांनी ब्रेकर शोधला, वर केला, हंडा दुसऱ्या भिंतीला पाठवला आणि जमलेल्या सुशिक्षित, संगणकनिष्णात समुदायापुढे जाहीर केलं, “हंडा हलवला तरी जेमतेम बसतंय. भारनियमन करावं लागेल.”

टाळ्या पडल्या. काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. भारनियमनात दहावीचा अभ्यास केलेली माणसं ती. बाबांनी कागदी ताटाच्या पाठीवर वेळापत्रक आखलं. अ गट, ब गट, क गट. एका वेळी दोन गट चालू, एक बंद, साधारण अर्ध्या अर्ध्या तासाची पाळी. महाराष्ट्रात भारनियमनाच्या दिवसांत फीडरचे गट पाडत ते वीजगळती आणि बिलाची वसुली बघून. बाबांनी मंडळाच्या खजिनदाराला बोलावून घेतलं आणि ज्यांची वर्गणी थकली होती त्यांचे छोले क गटात टाकले. सगळ्यात लांब पाळी त्यांची. दुपारी दोनपर्यंत तीन वर्गण्या रोख जमा झाल्या, त्यांतली एक मागच्या वर्षाची.

एका बाईंनी काळजीने विचारलं, “काका, पण अर्धा तास वीज नसली तर गार नाही का होणार?”

“भांडं जाड आहे. झाकण उघडू नका. अर्धा तास वीज गेली तर तुमच्या छोल्यांना कळणारसुद्धा नाही.”

अशा अर्थाचं वाक्य बाबा तीस वर्षं ग्राहकांना ऐकवत आले होते. खरं ठरायची ही पहिलीच वेळ.

मंडळाने तिथल्या तिथे त्यांना पुढच्या वर्षीच्या समितीवर घेतलं. एका मंडळातून निवृत्त झाले आणि दुसऱ्यात रुजू झाले. परतताना गाडीत आई गप्प होती. अळूची भाजी तिची होती. नंतर कळलं, ती पहिल्या वीस मिनिटांत संपली होती आणि भाजीचा कुकर बाबांनी ‘रिकामा भार’ म्हणून सर्वांत आधी बंद केला होता. कौतुक मात्र वेळापत्रकाचं झालं.

ऑक्टोबरात बॅगा भरायची वेळ आली तसा बाबांचा जीव कुकरमध्ये अडकला. पुण्याला न्यायचाच. मी म्हटलं, तिथेही मिळतो हल्ली. पण त्यांना हाच हवा होता, सवयीचा. हा एकशेवीस व्होल्टचा, पुण्यात दोनशेतीस; त्यावर त्यांच्याकडे ट्रान्सफॉर्मरचा तोडगा तयार होता, आकृतीसकट. वजनाचा प्रश्न आला. चिनी मातीचं भांडं तेवीस किलोतले बरेच किलो खाणार होतं. बाबांनी आपले बूट आणि दोन स्वेटर बाहेर काढले. आईने बदाम, चॉकलेटं आणि शेजाऱ्यांसाठी घेतलेले टॉर्च बाहेर काढायला ठाम नकार दिला.

“सकाळी लावला की संध्याकाळपर्यंत बघायला नको,” बाबा समजावत होते. “तुझाच त्रास वाचेल.”

“आणि गुरुवारी?” आईने विचारलं.

पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद असते, हे पुणेकराला सांगावं लागत नाही. कुठल्या पेठेत किती वाजता, एवढाच काय तो तपशील. आणि ही प्रथा चालवण्यात ज्यांनी उमेदीची वर्षं घालवली, त्यांनाच हा प्रश्न विचारला गेला होता.

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. जरा विचार केला. “गुरुवारी मी उपास धरीन. दत्ताचा वार आहे.”

“धरा की,” आई बॅगेची चेन ओढत म्हणाली. “बुधवारी रात्री साबुदाणा कोण भिजवणार, तेवढं त्या वहीत लिहून ठेवा.”